मोहफुलाचा अर्क काढताना विजेवरचा गंज करपतो, रेंगाळतो किंवा एमसीबी पाडतो : तपासणीचा क्रम आणि नवा गंज निवडण्याची रीत

गडचिरोली, गोंदिया, भंडारा आणि चंद्रपूर या जिल्ह्यांत मोहफुलांचा हंगाम मार्च-एप्रिलमध्ये येतो, आणि तो सुरू झाला की माझ्याकडे दुरुस्तीसाठी विजेवरचे मोठे गंज येऊ लागतात. तळाजवळ एलिमेंट बसवलेले हे स्टीलचे मोठे पातेले बचत गटांतील महिला मोहफुलाच्या पाकासाठी वापरतात. वाळलेली फुले निवडून, धुऊन कापडी पिशवीत भरायची, पिशवी गरम पाण्यात तासभर बुडवून ठेवायची, मग ती वर उचलून निथळू द्यायची आणि गंजात उरलेला गोड अर्क आटवायचा, असे हे काम चालते. एकाच भांड्यात पिशवी बुडवून सगळे उरकण्याची हीच रीत ऑस्ट्रेलियातील घरगुती बीअर करणाऱ्यांमध्ये २००० नंतरच्या दशकात रूढ झाली. त्यांच्या पिशवीत मोड आणून वाळवलेले आणि भरडलेले जव असतात. भांड्याच्या अडचणी मात्र दोन्हीकडे सारख्याच आहेत. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बीअर किंवा दारू करणे हा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे गुन्हा आहे आणि वर्धा व गडचिरोली जिल्ह्यांत तर दारूबंदीच आहे, म्हणून येथे जे लिहिले आहे ते केवळ पाकासाठी आहे.

दुरुस्तीला येणाऱ्या बहुतेक गंजांबरोबर "एलिमेंट गेले" असा निरोप येतो. प्रत्यक्षात एलिमेंट मुळातून खराब असल्याचे प्रसंग कमी असतात. कारण बहुधा कमी व्होल्टेज, पिशवी आणि एलिमेंट यांच्यातील अपुरे अंतर, क्षाराचा थर किंवा कामाला न शोभणाऱ्या मापाचा गंज यांपैकी एखादे असते. मूळ कारण तसेच ठेवून नवे एलिमेंट बसवले, तर तेही त्याच हंगामात जळते आणि गटाचे पैसे दोनदा जातात.

लक्षणे कशी ओळखावीत

पहिले लक्षण म्हणजे करपणे. अर्काला कडवट वास येतो, रंग सोनेरी तपकिरी न राहता काळपट होतो आणि पिशवीच्या बुडाला डाग दिसतो. हा डाग नीट पाहावा. तो एलिमेंटच्या वळणाच्या आकाराचा, म्हणजे अर्धगोल किंवा इंग्रजी यू अक्षरासारखा असेल, तर पिशवी थेट एलिमेंटवर टेकलेली आहे. डाग पसरट असेल, तर फुलांचा गाळ तळाशी बसून करपलेला आहे.

दुसरे लक्षण म्हणजे रेंगाळणे. पाणी साठ-सत्तर अंशांपर्यंत बरे तापते, पुढे फार हळू चढते आणि उकळी येतच नाही.

तिसरे लक्षण एमसीबी (जास्त करंट गेल्यास आपोआप पडणारा स्विच) किंवा आरसीसीबी (करंट गळल्यास पडणारा स्विच) पडण्याचे. ती केव्हा पडते हे लक्षात ठेवून मेकॅनिकला सांगावे, कारण निम्मे निदान त्यातच असते. बटण दाबताक्षणी एमसीबी पडली तर कुठेतरी शॉर्ट आहे. दहा-पंधरा मिनिटांनी पडली तर त्या लाइनवर क्षमतेपेक्षा जास्त लोड आहे किंवा एखादा जोड ढिला होऊन तापतो आहे. एमसीबी जागेवर राहून फक्त आरसीसीबी पडली, तर करंट बॉडीकडे गळतो आहे.

चौथे लक्षण गंजाला हात लावल्यावर झिणझिण्या येण्याचे किंवा टेस्टर बॉडीवर पेटण्याचे. हे दिसले तर खालची एकही तपासणी करू नये. मेन स्विच बंद करून प्लग काढावा आणि सरळ वायरमनला बोलावण्याच्या खालच्या भागाकडे जावे.

पहिली तपासणी : पिशवी, जाळी आणि पाण्याची पातळी

या तपासणीला एक रुपयाही लागत नाही आणि करपण्याच्या बऱ्याच तक्रारी येथेच संपतात. प्लग काढावा, गंज रिकामा करावा आणि आत पाहावे. एलिमेंटच्या वर छिद्रांची स्टीलची जाळी आहे का? असल्यास ती पायांवर पक्की उभी राहते की ओल्या पिशवीच्या वजनाने खाली झुकते? पाच किलो वाळलेली फुले पाणी शोषून दुपटीहून जड होतात, आणि पातळ जाळी त्या भाराखाली मधोमध खचते. एलिमेंटचा सर्वांत वरचा भाग आणि जाळी यांच्यात किमान चार-पाच सेंटीमीटर अंतर राहिले पाहिजे.

हे अंतर इतके महत्त्वाचे असण्याचे कारण फुलांतच आहे. वाळलेल्या मोहफुलात साधारण निम्मा भाग साखरेचा असतो. त्यातील फळशर्करा ११० अंशांच्या आसपासच तपकिरी पडू लागते. एलिमेंटभोवती पाणी मोकळे फिरत असेल, तर त्याचा पृष्ठभाग पाण्यापेक्षा थोडाच जास्त तापतो. कापड टेकले की तेथील पाण्याचे फिरणे थांबते, त्या ठिगळापुरते तापमान झपाट्याने वाढते आणि कापडात अडकलेली साखर जळते. सुती कापड काळे पडते, तर नायलॉनची पिशवी वितळून एलिमेंटला चिकटते आणि मग ती खरवडून काढताना एलिमेंटच्या नळीवर ओरखडे पडतात.

याच वेळी दुसरी एक गोष्ट मोजून घ्यावी, कारण तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. पिशवी उचलली की तिने शोषलेले पाणी तिच्याबरोबर जाते आणि गंजातील पातळी एकदम उतरते. बाजूने आत शिरणारे एलिमेंट अशा वेळी वरच्या अंगाने उघडे पडते. चालू स्थितीत ते काही मिनिटेही उघडे राहिले, तर लाल होऊन फुटू शकते. म्हणून पिशवी उचलण्याआधी बटण बंद करावे आणि निथळून झाल्यावर एलिमेंट किमान पाच सेंटीमीटर अर्काखाली बुडालेले आहे, हे पाहूनच पुन्हा सुरू करावे. पिशवीसाठी वर आढ्याला पक्की कप्पी बांधलेली असावी. दोन जणींनी हाताने उचलून धरलेली गरम पिशवी निसटण्याचा धोका मोठा असतो.

फुले धुतल्यावरही माती आणि पुंकेसरांचा बारीक चुरा राहतो. तो जाळीतून खाली उतरून एलिमेंटवर बसतो, म्हणून पिशवीचे कापड दाट विणीचे असावे आणि अर्क निघत असताना दर काही मिनिटांनी लाकडी पळीने जाळीवरचे पाणी हलवावे.

दुसरी तपासणी : क्षाराचा थर

बोअरचे पाणी वापरणाऱ्या गावांत एलिमेंटवर पांढरा, खरखरीत थर चढतो. पाणी तापले की त्यात विरघळलेला चुना वेगळा होतो आणि सर्वांत गरम जागेवर, म्हणजे एलिमेंटवरच, जमतो. हा थर उष्णता अडवतो. बाहेर पाणी सावकाश तापते, आत नळी मात्र प्रमाणाबाहेर तापत राहते आणि शेवटी फुटते. रेंगाळण्याचे आणि एलिमेंट वारंवार जळण्याचे हे एक सामान्य कारण आहे.

उपाय किराणा दुकानातच मिळतो. एक लिटर पाण्याला वीस ते तीस ग्रॅम लिंबूसत या प्रमाणात द्रावण करावे, ते एलिमेंट बुडेल इतके गंजात घ्यावे, गरम करून बटण बंद करावे आणि तासभर तसेच ठेवावे. बुडबुडे येणे थांबले की थर बहुतेक सुटलेला असतो. उरलेला प्लास्टिकच्या घासणीने काढावा आणि गंज दोनदा स्वच्छ पाण्याने धुवावा. तारेची घासणी किंवा चाकू वापरू नये. जर्मनच्या (अ‍ॅल्युमिनियमच्या) गंजात लिंबूसत फार वेळ ठेवू नये, कारण ते धातू खाते. बोअरऐवजी साठवलेले पावसाचे पाणी मिळत असेल, तर थर बराच कमी बसतो.

तिसरी तपासणी : प्लग, सॉकेट आणि वायर

गंज अर्धा तास चालवून बटण बंद करावे, प्लग काढावा आणि त्याच्या पिनांना लगेच हात न लावता आधी वास घ्यावा व डोळ्यांनी पाहावे. एखादी पिन काळी पडली असेल, तिच्याभोवतीचे प्लास्टिक पिवळसर होऊन मऊ पडले असेल किंवा सॉकेटच्या एका भोकाला जळाल्याची कड दिसत असेल, तर तेथील पकड सैल आहे. २००० वॅटचे एलिमेंट २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर करंट घेते आणि ३००० वॅटचे १३ अँपिअर. घरातील लहान सॉकेट ६ अँपिअरचे असते. त्यावर कन्व्हर्टर पिन लावून गंज चालवणे म्हणजे आग लागण्याची वाट पाहणे आहे. १६ अँपिअरचा पॉवर प्लग, त्याला मीटरच्या बोर्डापासून स्वतंत्र आलेली २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर आणि तिसरी, जाड अर्थिंगची पिन शाबूत, इतके तरी हवेच. ही जाड पिन कापून टाकलेले प्लग मी अनेक घरांत पाहिले आहेत. ते तसे वापरणाऱ्याच्या जिवाला थेट धोका आहे.

अंगणात काम करता यावे म्हणून जोडलेली लांब, बारीक वायर गुंडाळलेली असेल तर ती पूर्ण उलगडावी. गुंडाळीत उष्णता कोंडते आणि वायरचे वेष्टण वितळते. सॉकेट बदलणे किंवा वायर ओढणे हे काम मात्र वायरमनकडूनच करून घ्यावे.

चौथी तपासणी : व्होल्टेज

आपल्या भागात रेंगाळण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो. एलिमेंटवर लिहिलेले वॅट २३० व्होल्टसाठी असतात. व्होल्टेज घसरले की वॅट त्याच प्रमाणात घटत नाहीत, व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतात. १८० व्होल्टवर २००० वॅटचे एलिमेंट जेमतेम १२२५ वॅट देते आणि १६० व्होल्टवर हजाराच्याही खाली येते.

याचा परिणाम असा होतो. एप्रिलमधील ३० अंशांचे २० लिटर पाणी उकळीपर्यंत न्यायला सुमारे १.६ युनिट वीज लागते. पूर्ण २००० वॅट मिळाले, तर हिशेबाने पन्नास मिनिटे पुरतात. १२२५ वॅटवर तेच काम एक तास वीस मिनिटांवर जाते, आणि हा हिशेब भांड्यातून हवेत जाणारी उष्णता न धरता केलेला आहे. पाणी जितके तापते तितकी वाफ आणि भांड्याच्या अंगातून जाणारी उष्णता वाढत जाते. उघड्या तोंडाच्या रुंद गंजात एका टप्प्यावर एलिमेंट देत असलेली सगळी उष्णता तशीच निघून जाते आणि तापमान तेथेच अडकते. एलिमेंट पूर्ण निरोगी असूनही उकळी येत नाही ती यामुळे.

भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात मोहफुलांच्या दिवसांतच उन्हाळी धानाला पाणी सुरू असते, आणि जेथे गावठाण व शेतीपंप एकाच डीपीवर (रोहित्रावर) आहेत तेथे पंप सुरू झाले की घरातील दिवेही मंद होतात. साध्या डिजिटल मल्टिमीटरने, एसी व्होल्टच्या श्रेणीवर, शेजारच्या सॉकेटमधील व्होल्टेज दोनदा मोजावे : एकदा गंज बंद असताना आणि एकदा चालू असताना. बंद असतानाच १९० असेल, तर दोष बाहेरच्या लाइनचा आहे. बंद असताना २२५ आणि चालू केल्यावर २०० झाले, तर दोष घरातील बारीक वायरचा किंवा ढिल्या जोडाचा आहे. मीटरच्या काड्या सॉकेटमध्ये घालण्याची सवय नसेल, तर हे मोजमाप जाणकाराकडून करून घ्यावे.

बाहेरची लाइनच कमजोर असेल, तर स्टॅबिलायझर घेण्याचा सल्ला मी देत नाही. इतक्या लोडचा स्टॅबिलायझर महाग पडतो आणि तो लाइनमधून आणखी करंट ओढून शेजाऱ्यांचे व्होल्टेज पाडतो. त्यापेक्षा पंप बंद असतील अशी वेळ निवडावी, तापवताना गंजावर झाकण ठेवावे आणि बाहेरून गोणपाटाचा जाड वेढा द्यावा, मात्र तो एलिमेंटच्या वायरपेटीपासून लांब राहील असा. केवळ अर्क काढायचा असेल तर उकळीची गरजही नसते. ७०-७५ अंशांवर फुलांतील साखर चांगली उतरते आणि तेथवर जायला एका युनिटच्या आसपास वीज पुरते.

पाचवी तपासणी : कटआउट आणि थर्मोस्टॅट

गंज अजिबात तापत नसेल आणि सॉकेटमध्ये वीज असेल, तर तळाशी किंवा वायरपेटीजवळ लहान लाल बटण शोधावे. भांडे कोरडे पडून तापल्यास वीज तोडणारे हे सुरक्षा कटआउट असते. गंज पूर्ण थंड झाल्यावर, प्लग काढून ते दाबावे. एकदा दाबल्यावर गंज नीट चालला तर ठीक. ते पुन्हा पडले तर पहिल्या दोन तपासण्या परत कराव्यात, कारण एलिमेंट खरोखरच प्रमाणाबाहेर तापते आहे. हे कटआउट वायरने जोडून कायमचे बंद करणारे मेकॅनिक आहेत. तसे कोणालाही करू देऊ नये.

थर्मोस्टॅटचा आकडा आणि प्रत्यक्ष तापमान जुळत नसेल, तर हलवलेल्या पाण्यात वेगळा थर्मामीटर धरून पाहावे. न हलवलेल्या गंजात तळ आणि वर यांत मोठा फरक असतो आणि पुष्कळदा थर्मोस्टॅट निर्दोष निघतो.

सहावी तपासणी : एलिमेंटचा रोध

ही घरी करण्याजोगी शेवटची तपासणी आहे. प्लग काढलेला असावा, गंज कोरडा आणि थंड असावा. एलिमेंटच्या दोन टोकांच्या वायरी सोडवून मल्टिमीटरने रोध मोजावा. २००० वॅटच्या एलिमेंटचा रोध साधारण २६ ओहम, १५०० वॅटच्याचा ३५ आणि ३००० वॅटच्याचा १७-१८ ओहम यायला हवा. मीटर काहीच दाखवत नसेल, तर आतील तार तुटली आहे आणि एलिमेंट बदलावेच लागेल. आकडा बरोबर असेल, तर एलिमेंटला दोष देणे थांबवावे.

येथे थांबावे आणि परवानाधारक वायरमनला बोलवावे

बॉडीला करंट जाणवत असेल, आरसीसीबी पडत असेल, एमसीबी तत्क्षणी पडत असेल, सॉकेट किंवा बोर्ड जळाल्यासारखा दिसत असेल, तर पुढचे काम आपले नाही. एलिमेंटच्या नळीत तार आणि धातू यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड भरलेली असते. टोकाचे सील तडकले की ही पूड दमट हवेतील ओल शोषते. म्हणूनच पावसाळाभर कोपऱ्यात पडून राहिलेला गंज पुढच्या हंगामात पहिल्याच दिवशी आरसीसीबी पाडतो. ही गळती साध्या मल्टिमीटरवर अनेकदा दिसत नाही. तिच्यासाठी ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारे यंत्र) लागतो आणि एक मेगओहमपेक्षा कमी रोध दाखवणारे एलिमेंट वापरू नये. आरसीसीबी "उगाच पडते" म्हणून ती काढून थेट जोडणी करणे सर्वांत घातक आहे. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी माणसाचा जीव वाचवण्यासाठीच असते.

अर्थिंगही वायरमननेच तपासावे. यवतमाळ, अमरावती, वर्धा भागातील काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि पावसाळ्यात चांगले असलेले अर्थिंग एप्रिलमध्ये निकामी ठरते. खड्ड्यात पाणी घालत राहणे घरच्यांच्या हातात आहे. अर्थिंग नाही म्हणून अर्थची वायर न्यूट्रलला जोडून देणारा वायरमन मात्र परत पाठवावा. न्यूट्रल कुठे तुटला, तर तशा जोडणीत पूर्ण गंजच जिवंत होतो.

संपूर्ण गावठाणात व्होल्टेज पडत असेल, तर वीज कंपनीकडे गटाच्या नावाने लेखी तक्रार द्यावी आणि तिच्यात वेळेनुसार मोजलेले आकडे लिहावेत. डीपीला किंवा खांबाला कोणीही हात लावू नये.

नवा गंज घेताना

जुना गंज वारंवार बिघडत असेल, तर बहुधा तो या कामासाठी नव्हताच. पाच किलो फुले आणि वीस लिटर पाणी यांना चाळीस लिटरचा गंज योग्य ठरतो : साधारण ३६ सेंटीमीटर व्यास आणि ४० सेंटीमीटर उंची. या व्यासात एक सेंटीमीटर उंचीला सुमारे एक लिटर पाणी बसते, म्हणून एलिमेंटचा वरचा भाग तळापासून सहा सेंटीमीटरवर असेल आणि त्यावर पाच सेंटीमीटर अर्क हवा असेल, तर अकरा लिटरांच्या खाली त्या गंजात काम करता येत नाही. दुकानात टेप लावून हा हिशेब करावा. फार रुंद गंजात हा अडकून राहणारा अर्क वाढतो, फार उंच आणि अरुंद गंजात पिशवी दाबली जाते.

एलिमेंट कमी वॅटचे घ्यावे असे नाही, पण तेच वॅट लांब नळीवर पसरलेले असावेत. एका चौरस सेंटीमीटरला सात-आठ वॅटपेक्षा जास्त भार असलेले आखूड एलिमेंट साध्या पाण्याला चालते, साखरेच्या अर्काला नाही. ते चुडीवर (स्क्रूसारख्या आट्यांवर) बसणारे आणि खोलून काढता येणारे असावे. तळाखाली लपवलेले एलिमेंट धुवायला सोपे असते, पण गाळ थेट तापलेल्या तळावर बसतो, म्हणून पाकासाठी मी ते पसंत करत नाही. स्टील ३०४ प्रतीचे असावे. २०२ प्रतीवर जोडाजवळ लवकर लोखंडी डाग पडतात आणि चुंबकाने या दोन प्रती ओळखता येत नाहीत, म्हणून बिलावर प्रत लिहून घ्यावी.

आटवण्याचे काम या गंजात शेवटपर्यंत करू नये. उकळीला आलेले एक लिटर पाणी वाफ करून उडवायला सुमारे ०.६३ युनिट वीज लागते. वीस लिटर अर्क सहा लिटरवर आणायचा, तर चौदा लिटरांना जवळपास नऊ युनिट जातात, आणि अर्क जसा दाट होतो तसा एलिमेंटवर करपतो. विजेच्या गंजात अर्क काढावा, निथळावा, दुहेरी कापडातून गाळावा आणि त्याच दिवशी रुंद कढईत, मंद आचेवर, सतत हलवत आटवावा. रात्रभर ठेवलेला अर्क उन्हाळ्यात आंबतो आणि मग तो पाकाच्या कामाचा राहत नाही.